मालक वर आहेत

खणावरून सुरुवात झाली.

धुरपताबाईंनी पाटावर पांढऱ्या कापडाची घडी ठेवली होती, तिच्यावर नारळ ठेवला होता, आणि एवढंच कसं बरं दिसेल म्हणून आणखी काय ठेवावं याच्या विचारात त्या होत्या. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरबाईंची वऱ्हाडात बदली झाली होती. दिवस मावळायच्या गाडीनं त्या पिंगळीहून निघणार होत्या आणि त्याआधी आवरगंडांच्या घरी पन्हं प्यायला यायचं त्यांनी कबूल केलं होतं. आजवर ओट्यावर बसून पाणी पिऊन गेल्या असतील शंभर वेळा, पण मुद्दाम बोलावणं करून घरात अशा पहिल्यांदाच येत होत्या. घरातली थोरली सून म्हणून धुरपताबाई सकाळपासून सारवण करून, कैऱ्या उकडून, चार वेळा ओरडून मोकळ्या झाल्या होत्या.

"जाऊबाई, खण न्हाई काढला?" कोकिळेनं विचारलं.

कोकिळा म्हणजे धाकट्या दिनकररावांची बायको. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माहेर जालन्याचं, त्यामुळे टाकळीतल्या बहुतेक गोष्टी तिला लहान वाटत. तसं ती बोलून दाखवत नसे, पण चेहऱ्यावर लपतही नसे.

"खण? कुनाला?"

"सिस्टरबाईला. वटी भरायची न्हाई का?"

"अगं, हळू बोल की! विधवा बाईची वटी भरतेत व्हय?"

"कोन विधवा?"

"सिस्टरबाई. आनखी कोन?"

कोकिळा खुदकन हसली. "या बया! सिस्टर कशाच्या विधवा? जालन्याला आमच्या गल्लीच्या तोंडालाच सिस्टरांचा दवाखाना हाय. त्यांच्यात लगीनच करत न्हाईत. देवाच्या नावानं अंगठी घालून घेतेत आन जलमभर त्याच्याच म्हनवतेत. तुमी अंगठी बघितली न्हाई का बोटात?"

अंगठी साऱ्या गावानं बघितली होती. मेलेल्या नवऱ्याची आठवण असेल, असं गावानंच परस्पर ठरवून टाकलं होतं. एवढ्यावर टाकळीच्या बायका थांबल्या नव्हत्या. त्यांनी त्या नवऱ्याला रेल्वेत नोकरी दिली होती, तापानं मारला होता, आणि विहिरीवर त्याच्यासाठी मनापासून हळहळूनही घेतलं होतं.

धुरपताबाई मटकन खाली बसल्या. "पर आबांनी समक्ष इचारलं व्हतं की!"

विचारलं होतं खरं. पोलिस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मिशनच्या लोकांनी गावाबाहेरच्या कापसाच्या रिकाम्या गोदामात शाळा मांडली आणि तिला त्यांच्या एका संताचं, सांत आन्नाचं नाव दिलं. गावानं ऐकलं, सात आणे. फी सात आणे आहे म्हटल्यावर पोरं पाठवतंय कोण? पावसाळा निम्मा सरला तरी शाळेत चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी धुरपताबाईंचे सासरे राधाकिशनआबा स्वतः चौकशीला गेले, फी कवडीचीही नाही हे जाणून घेतलं, आणि मगच शाळा भरली. आता सरकारनं आणे बंद करून नवे पैसे काढलेत, पण टाकळीत ती शाळा अजून सात आण्याचीच आहे.

त्या दिवशी निघताना आबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, तुमचे मालक कुठं असतेत?"

सिस्टर मार्सेलीन मूळच्या वसईच्या. मराठी त्यांची घरचीच, पण आपल्याकडे बाईचा मालक म्हणजे तिचा नवरा, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? शाळेचा धनी कोण, असं हे म्हातारे गृहस्थ विचारत असावेत असं त्यांना वाटलं. त्यांनी आभाळाकडे बोट केलं आणि हसून म्हणाल्या, "माझे मालक वर आहेत."

आबांना भरून आलं. एवढं तरणं वय, कपाळ मोकळं, अंगावर पांढरं, आणि तरी बाई हसून सांगते! घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "बायनाला उद्यापासून त्या बाईच्या सोबतीला शाळंत धाडा. दोघींचं दुःख एक हाय."

बायनाबाई आबांची लेक. न्हातीधुती झाली न झाली तोच कपाळ पुसून माहेरी परत आलेली. आवरगंडांच्या घरातली बाई कामासाठी उंबऱ्याबाहेर पडली ती तेव्हा पहिल्यांदा, आणि आबांचा शब्द म्हणून कोणी ब्र काढला नाही. सिस्टरबाईंनी तिला लिहायला-वाचायला शिकवलं. वर्षा-दोन वर्षांत अख्खा बालवर्ग तिच्या ताब्यात गेला. आबा गेले, शब्द राहिला. आणि तो शब्द कशावर उभा होता, ते आज कोकिळेनं हसत हसत सांगून टाकलं.

पलीकडे दिनकरराव दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले.

"काय म्हनली तू? सिस्टर विधवा न्हाई?"

"न्हाई," कोकिळा म्हणाली. आता तिचं हसू जरा कमी झालं होतं.

दिनकरराव तडक ओट्यावर गेले. थोरले किशनराव तिथे अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. घरातल्या प्रत्येक वादाच्या वेळी ते सुपारी कातरत.

"दादा, ऐकलं का? आबांला वाटलं, विधवेसंगं विधवा हाय, म्हनून आक्काला जाऊ दिलं. आता ती बाई विधवा न्हाई. आन उद्यापासून ती बाईच न्हाई! मंग शाळंत ऱ्हायलं कोन? बन्सीधर मास्तर आन आपली आक्का. गाव काय म्हनंल?"

"नवी सिस्टर यायलीय म्हनं."

"जूनला! तवर?"

"तवर परीक्षा हाय पोरांची."

"ते मास्तर बघंल. आक्कानं आता घरी बसावं. मी काय वंगाळ बोलायलोय का?"

किशनरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "बघू."

आतून धुरपताबाई ऐकत होत्या. खरं सांगायचं तर त्यांना दिराचं बोलणं फारसं टोचलं नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली की पहाटेच नणंद निघून जायची आणि चूल, धुणं, गड्यांच्या भाकरी सगळं यांच्या गळ्यात पडायचं. यावरून त्यांनी आजवर भांडी कमी आपटली नव्हती. बायना घरात राहिली तर आपल्याला हात मिळेल, एवढा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांनी लगेच झटकलाही नाही.

इतक्यात बायनाबाई दारात आल्या. बरोबर किशनरावांची मनकर्णा, चौथीतली. बायनाबाईंच्या हातात शाळेची लोखंडी दांडी होती. शाळेची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो कोणी नेऊ शकत नव्हतं, पण दांडी ठेवली तर दुसऱ्या दिवशी लोहाराच्या भट्टीत सापडली असती. म्हणून बायनाबाई ती रोज घरी आणत आणि कोनाड्यात ठेवत. टाकळीत घड्याळं दोन-तीनच, त्यामुळे गाव त्या घंटेवर उठायचं, जेवायचं, औत जुंपायचं.

"आक्का," दिनकरराव नजर चुकवत म्हणाले, "ती दांडी उद्या मास्तरकडं पोचती कर."

"काहून?"

काहून ते दिनकररावांनी सांगितलं. बायनाबाईंनी ते सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं. मग आत जाऊन दांडी नेहमीच्या कोनाड्यात ठेवली, तोंडावर पाणी मारलं आणि पन्ह्याचं पातेलं पुढे ओढून गूळ विरघळवायला बसल्या.

शाळा सुटणार याचं दुःख होतंच. पण त्याहून निराळंच काहीतरी त्यांना सलत होतं. इतकी वर्षं सिस्टरबाईंना त्यांनी नवऱ्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुखऱ्या जागेला हात लावू नये, हे त्यांना स्वतःवरून कळत होतं. आपल्यासारखी आणखी एक आहे, आणि ती ताठ मानेनं चालते, तर आपणही चालावं, असं म्हणत त्यांनी इतके दिवस काढले होते. आणि आज कळलं की ती आपल्यासारखी नव्हतीच. पन्ह्यात वेलदोडा घालायचा त्या विसरल्या.

सिस्टरबाई आल्या त्या छत्री मिटत, हसत. आल्या आल्या धुरपताबाईंच्या सारवलेल्या जमिनीचं कौतुक केलं, कोकिळेला जालन्याच्या दवाखान्याची खुशाली विचारली, आणि पन्ह्याचा पेला हातात घेऊन घोंगडीवर बसल्या. जिला इतकी वर्षं विधवा समजून चालवलं, तिच्याशी आज काय बोलावं ते कोणाला सुचेना.

शेवटी धुरपताबाईंनीच धीर केला. "सिस्टरबाई, एक इचारू का? राग मानू नका. तुमचे मालक… जिते हायेत का?"

"माझे मालक?"

"आबांला तुमी म्हनला व्हता, मालक वर हायेत म्हनून."

सिस्टरबाईंनी क्षणभर आठवलं. त्यांनी कोकिळेकडे पाहिलं, तिनं खाली घातलेली मान पाहिली, पाटावरचं पांढरं कापड पाहिलं. मग त्यांना असं हसू फुटलं की पेला खाली ठेवावा लागला. "अहो, मी देवाबद्दल बोलत होते! शाळेचा मालक, माझा मालक, सगळ्यांचा मालक!"

"आन आमी इतकी वर्षं तुमच्या मालकाचं सुतक पाळायलोय," किशनराव म्हणाले. ते असं काही बोलतील असं कोणालाच वाटलं नव्हतं, त्यामुळे दिनकररावांनासुद्धा हसू आवरलं नाही.

हसता हसता सिस्टरबाई थांबल्या. "म्हणजे मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कधी बोलावलं नाहीत, ते यासाठी?"

"मंग! विधवा बाईला कसं बोलवावं? समोर समद्या सवाष्णी, त्यांची कुंकवं बघून तुमच्या जिवाला लागलं आसतं."

"मला वाटायचं, मी ख्रिस्ती आहे म्हणून बोलावत नाही." त्या अगदी सरळपणे म्हणाल्या. "आमच्या वसईला शेजारणीकडे हळदीकुंकू असलं की मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची, वाण मिळायचं म्हणून. इथे राग नाही आला कधी. पण संक्रांत आली की वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?"

धुरपताबाईंचे डोळे भरले. "आवो, न्हाई वो बाई! तुमच्या देवाचा काय संबंध? तुमाला दुखू नये म्हनून केलं ते."

"आणि बायनाबाई? त्यांनाही दुखू नये म्हणूनच?"

बायनाबाई पेल्यात पन्हं ओतत होत्या, त्या ओतत राहिल्या.

"दर संक्रांतीला आम्ही दोघी शाळेत बसून तीळगूळ खायचो," सिस्टरबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, माझ्यासाठी या घरचं हळदीकुंकू सोडून येतात."

"आन मला वाटायचं," बायनाबाई म्हणाल्या, "माझ्यावानी यांनाबी कुनी बोलवत न्हाई." आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांना पदर डोळ्याला लावावा लागला.

मनकर्णा मघापासून दाराशी वाट बघत होती. सिस्टरबाईंना निरोपाचे चार शब्द बोलून दाखवायचे म्हणून तिनं आठवडाभर पाठ केले होते. तिला पुढे ढकलण्यात आलं. "सि… सि… सि…" ती अडकली. गळ्याच्या शिरा ताठल्या, डोळे मोठे झाले. ही पोर पाच वर्षांची होईस्तोवर धड बोलली नव्हती. गावातली पोरं तिच्या अडखळण्याची नक्कल करत, आणि धुरपताबाई रात्र रात्र रडत.

बायनाबाईंनी वर पाहिलंसुद्धा नाही. पातेल्याच्या काठावर त्यांनी बोटानं ठेका धरला, टक, टक, टक. मनकर्णानं तो ऐकला, मांडीवर आपलं बोट आपटत तसाच ठेका धरला, आणि एकेक अक्षर त्या ठेक्यावर ठेवत गेली. "सिस्टरबाई, तुम्ही आम्हाला शिकवलं. आम्ही तुमचे आभारी आहोत. तुम्ही परत या." सगळं बोलून झालं, आणि ती आईच्या मागे पळाली.

"हे मी नाही हं शिकवलं," सिस्टरबाई म्हणाल्या. "ठेक्याची युक्ती बायनाबाईंची."

धुरपताबाईंना ते माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. नणंदेला तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच. त्या उठल्या.

"कोकिळे, पाटावरचं ते पांढरं उचल आधी. सुपात गहू घे, खोबऱ्याची वाटी घे, हळकुंड घे."

कोकिळा न सांगता आपल्या ट्रंकेकडे गेली आणि लग्नात मिळालेला हिरवा खण घेऊन आली. अजून घडीही मोडली नव्हती. "मी बोलले म्हनून एवढं झालं," ती जावेच्या कानाशी पुटपुटली. "ह्योच द्या."

धुरपताबाईंनी कुंकवाचा करंडा उघडला, तसे सिस्टरबाईंनी हात जोडले. "ओटी भरा. गहू चालतील, खण चालेल, नारळ तर आमच्या वसईचाच समजते. फक्त कुंकू नको. आमच्या नियमात ते बसत नाही. राग मानू नका."

धुरपताबाईंचं बोट करंड्याच्या तोंडाशीच थांबलं. त्यांनी करंड्याकडे पाहिलं, गव्हाकडे पाहिलं, आणि मग नणंदेकडे. करंड्याचं झाकण लावून त्यांनी तो बाजूला ठेवला.

"वन्सं, उठा. वटी तुमी भरा."

"वैनी!" दिनकरराव म्हणाले.

"काय वैनी? कुंकू लावायचं आसलं तर सवाष्ण पायजे. हितं कुंकूच न्हाई. मंग कुनाच्या हातानं गहू पडले, त्याला कोन आडवतंय?" दिरापुढे एवढ्या मोठ्या आवाजात त्या कधी बोलल्या नव्हत्या, आता सुरुवात झालीच होती तर त्यांनी सगळंच बोलून घेतलं. "भाऊजी, माझ्या लेकीच्या तोंडात शब्द हिनं घातला. मी आई आसून मला जमलं न्हाई ते हिनं केलं, आन मी हिच्या नावानं भांडी आपटली. आज मी समद्यांसमोर म्हनते, वन्सं, तुमचे उपकार हायेत माझ्यावर. आन शाळंचं म्हनाल, मास्तराचं म्हनाल, तर नवी सिस्टर येईस्तोवर मी जाऊन बसते शाळंच्या वट्यावर, डाळ निवडायचं सूप घेऊन. बघू कोन काय बोलतंय ते!"

बायनाबाई उठल्या. कपाळ पुसल्यापासून त्यांनी कोणाची ओटी भरली नव्हती. रीत मात्र विसरल्या नव्हत्या. सिस्टरबाईंनी पांढऱ्या झग्याचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी पसरला आणि त्यात ओंजळीनं गहू पडले, वाटी पडली, हळकुंड पडलं, वरून खण आणि नारळ.

"आता चार दाने माघारी टाका," धुरपताबाई म्हणाल्या. "लेक माहेरातून निघताना टाकती, माहेर भरलेलं ऱ्हावं म्हनून."

सिस्टरबाईंनी गव्हाची मूठ भरली. कुठे टाकायची असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. समोर बायनाबाई उभ्या होत्या, म्हणून त्यांनी ती मूठ सरळ बायनाबाईंच्या पदरात ओतली. बायनाबाईंनी नकळत पदर पुढे केला होता. चूक दुरुस्त करावी असं कोणालाच वाटलं नाही.

दिनकरराव खाकरले. "मी गाडी जुंपतो," म्हणून ते बाहेर गेले. शाळेबद्दल त्यांनी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. आणि किशनराव पुन्हा म्हणाले, "बघू."

पिंगळीच्या स्टेशनावर गाडीला अवकाश होता. दिनकररावांनी सिस्टरबाईंची ट्रंक बाकाशी ठेवली, बैलांना वैरण टाकली, आणि काही बोलायला नको म्हणून ते स्टेशनच्या पाटीकडे बघत उभे राहिले.

"आता 'ळ' जमतो का?" सिस्टरबाईंनी विचारलं.

दिनकररावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही गोष्ट आपण आणि आक्का सोडून कोणालाच ठाऊक नाही असं त्यांना वाटत होतं. ते परभणीला उर्दूत शिकलेले, वर्गात पहिले येणारे. निजामाचं राज्य गेलं, कचेरीतले सगळे कागद मराठीत झाले, आणि हा हुशार माणूस एकाएकी अडाणी होऊन बसला. मनकर्णाचा अभ्यास घ्यायच्या मिषानं बायनाबाईंनी तिच्याच पाटीवर धाकट्या भावाला अक्षरं शिकवली. बाकी सगळी जमली. उर्दूत नसलेला 'ळ' तेवढा जमेना, त्यामुळे टाकळीच्या जागी ते 'टाकली' लिहीत आणि पिंगळीच्या जागी 'पिंगली', आणि आक्का न हसता ते पुसून पुन्हा काढायला लावी.

"आक्कानं सांगितलं वाटतं तुमाला."

"तुमची तक्रार नव्हती केली. 'ळ' कसा शिकवायचा, असं मला विचारायला आली होती. आपल्या भावाला कमीपणा वाटू नये म्हणून कोणासाठी ते सांगितलं नाही. मी ओळखलं." त्या हसल्या. "बन्सीधर मास्तर भले आहेत, पण 'ळ' दोनदा चुकला की छडी उचलतात. बालवर्गाला तुमची आक्काच बरी."

दिनकररावांना बायनाबाईंचं बोट आठवलं, पाटी पुसणारं. एकदा, दोनदा, कितीही वेळा पुसणारं. त्यांच्या मनात बहिणीबद्दल एकदम इतकी माया दाटली की त्यांना स्वतःचीच लाज वाटली. गाडी आली तेव्हा त्यांनी ट्रंक डब्यात चढवली, आणि आवरगंडांच्या घरातला पुरुष वडीलधाऱ्यांपुढेच वाकतो हे विसरून सिस्टरबाईंच्या पायाला हात लावला.

सकाळी बायनाबाई नेहमीच्या वेळी उठल्या. अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसलं, आणि मग त्यांना कळेना की पुढे काय करावं. दादा बघू म्हणाले होते. दिनकर काहीच म्हणाला नव्हता. वहिनी रागाच्या भरात बोलल्या असतील, सकाळपर्यंत निवल्याही असतील. त्या चुलीपुढे बसल्या, पिठात पाणी घालून भाकरी थापायला घेतली. कालच्या पदरातले गहू त्यांनी या पदराच्या गाठीला बांधून घेतले होते.

उजाडलं. बैल जुंपायला उभे होते, गडी वाट बघत होते. गावात कोणालाच काही सुचेना, कारण घंटाच वाजली नव्हती. शेजारच्या बायका आपापल्या दारात येऊन गोदामाकडे बघत होत्या.

दिनकरराव अंगणातून दोनदा आत डोकावून गेले. तिसऱ्यांदा ते सरळ कोनाड्याशी गेले, लोखंडी दांडी उचलली आणि चुलीपुढे येऊन उभे राहिले.

"आक्का, माझं औत खोळंबलंय. वाजीव की."

बायनाबाईंनी पिठाचा हात तसाच ठेवून वर पाहिलं. तशाच उठून त्यांनी दांडी घेतली. तोवर धुरपताबाई डाळीचं सूप काखेत मारून दारात तयार होत्या, आणि कोकिळा हात धुऊन परातीपुढे बसली होती. कोकिळेच्या भाकरींना आकार नव्हता, पण त्या दिवशी गड्यांनी त्या तक्रार न करता खाल्ल्या.

शाळेशी पोरं जमलीच होती. पारूबाई आपल्या धाकट्याला पोचवायला आल्या होत्या, त्या काळजीत दिसल्या. "बायनाबाई, सिस्टर तर गेल्या. आता शाळंचा मालक कोन?"

बायनाबाई हसल्या. लिंबाखाली जाऊन त्यांनी दांडी उंच धरली.

"मालक वर हायेत," त्या म्हणाल्या.

पारूबाईंनी मान वर करून पाहिलं. वर फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तेवढ्यात बायनाबाईंनी दांडी हाणली, आणि सगळ्या टाकळीला ऐकू जाईल अशी घंटा वाजली.